दोनदा आलेला नंबर

"झालं मावशी. कटकट संपली एकदाची," कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेली अपेक्षा म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

कुसगावच्या लॅबमध्ये नंदाबाई रक्ताच्या नळ्यांवर नंबराची स्टिकरं चिकटवत होत्या. "संपली म्हंजी?"

"इथला कॉम्प्युटर यापुढे फक्त विषम नंबर देईल, सोमाटण्याचा फक्त सम. मधली इंटरनेटची लाइन कितीही वेळ बंद पडू दे, एकच नंबर दोन्हीकडे येणार नाही. तुम्हाला सारखे फोन करत बसायला नको."

नंदाबाईंनी मान हलवली. बरंच झालं म्हणायचं. एकाच लॅबच्या दोन शाखा, पण कॉम्प्युटर आपापले नंबर पाडायचे. पावसावाऱ्यात लाइन गेली की एकाला दुसऱ्याचा पत्ता नसायचा आणि दोघंही पुढचा म्हणून तोच नंबर देऊन मोकळे व्हायचे. लाइन आली की एका नंबरावर दोन माणसं. मग सोमाटण्याच्या नूरमहंमदांना फोन लावून कुठलं रक्त कुणाचं ते ठरवायचं. एकदा तर एका पैलवानाच्या नावावर तो गरोदर असल्याचा रिपोर्ट निघता निघता राहिला. त्या दिवशी दोघं फोनवर इतकं हसले की बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

काम तसं दोन मिनिटांचं. पण नूरमहंमद विचारायचे, जेवलात का? भुशी धरणावर गर्दी हाय का? मग नंदाबाईही त्यांच्या लॅबच्या खिडकीतल्या कबुतरांची चौकशी करायच्या. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. नंदाबाई दिवसभर लोकांना नाव, वय आणि उपाशीपोटी आलात का, हे विचारत. त्यांना स्वतःला काही विचारणारा हा एकच माणूस होता. घरी टीव्ही होता, तो विचारत नसे.

अपेक्षा गेली त्यानंतर पावसात लाइन कितीदा गेली आणि आली. नंबर मात्र शहाण्यासारखे आपापल्या वाटेनं चालले. फोन वाजला नाही. लावावा तर कारण उरलं नव्हतं, आणि बिनकारण परक्या माणसाला फोन लावायचा तरी कसा? नंदाबाईंना फार एकटं वाटायला लागलं.

एका दुपारी गेलेली लाइन परत आली. लॅबमध्ये कुणी नव्हतं. नंदाबाईंनी फोन उचलला.

"नूरभाऊ, कुसगाववरनं नंदा बोलतीया. पुन्हा एक नंबर दोनदा आलाय बघा."

"कंचा?"

त्यांनी समोरच्या नळीवरचा घाईनं वाचला. "चार हजार एकतीस."

वाचला आणि जीभ चावली. विषम नंबर. तो सोमाटण्याला येणं शक्यच नव्हतं, आणि अपेक्षा तिकडेही हेच समजावून गेली असणार. नंदाबाईंचे कान तापले. आता हसतील, नाहीतर फोन ठेवतील.

पलीकडे नुसती कबुतरं घुमत होती.

"व्हय. हितं बी तोच आलाय," नूरमहंमद म्हणाले. "कुणाचा ते शोधाया लय येळ लागंल. तवर सांगा, जेवलात का?"