कापलेली वेणी

केटरिंग कॉलेजातली यास्ना सकाळपासून शेजारच्या विद्यापीठात फिरत होती. दुपारी मेडिकलच्या इमारतीमागे सीनियरांनी तिला घेरलं.

"काय गं मेचोना, पहिल्या वर्षाची ना तू?"

"हो."

तिला खडीवर गुडघ्यांवर आदळलं. मार्चमध्ये वर्ष सुरू झालं की नव्या पोरांचं, म्हणजे मेचोनांचं, स्वागत असंच होतं. डोक्यावर कुजक्या माशांचं पाणी ओतलं, शर्ट टराटरा फाडला, वेणी मुळापासून कापली. कात्री कानात घुसली, रक्त गळ्यापर्यंत ओघळलं. एका दांडगटाने मानगूट धरून तिचं तोंड चिखलात दाबलं.

"रड की, डॉक्टरीणबाई!"

ती रडली नाही. जाताना वेणी तेवढी मागून घेतली.

दारात बाप उभा होता. आठवडाभर त्याने तिला सळो की पळो केलं होतं, "नव्या पोरांचे केस कापून झाले म्हणतात. मग तुझी वेणी जागेवर कशी? मेडिकलला घेतलंय ना तुला, की थापा मारतेस?"

त्याने फाटका कान बघितला, वेणी हातात घेतली आणि गल्लीभर नाचवत सुटला, "बघा रे, माझी पोर खरंच डॉक्टर होणार!"