मानीकाकीचं नाव

मानीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. हंसाबाई आत आली, तसे तिचे हात थांबले. दोघी एकाच तांड्यातल्या, पण बेचाळीस वर्षांत हंसाबाईने या अंगणात पाय ठेवला नव्हता. मागे तिची लेक अंजू होती. अंजूचा गाल अजून सुजलेला, हातात दवाखान्याची फाइल.

"बस," मानीबाई म्हणाली.

हंसाबाई बसली नाही. उभ्यानेच सांगू लागली. अंजूची दाढ उमरखेडला काढली, पण रक्त काही थांबेना. दोन दिवस उशी भिजत राहिली, तेव्हा यवतमाळला नेलं.

"तिथली डॉक्टरीणबाई मलेच पुसे, तुमची पाळी किती दिवस चालते? मी म्हटलं, दहा-बारा दिवस. सगळ्यायचीच चालते. तं ते म्हणे, नाही बाई, सगळ्यांची नाही चालत."

मग हंसाबाईचंही रक्त तपासलं. मायलेकींच्या रक्तात एकच गोष्ट निघाली. जखम झाली की रक्त गोठवायला जो घटक लागतो, तो दोघींच्यात कमी होता. मागच्या पिढीतून आलेला.

हंसाबाईची आई बेचाळीस वर्षांपूर्वी तिला जन्म देतानाच गेली होती. सुईण होती मानीबाई. लेकरू सुखरूप आलं, बाळंतिणीचं रक्त थांबलं नाही. त्यानंतर तांड्यातल्या एकाही बाळंतपणाला मानीबाईला बोलावणं आलं नाही. लग्नघरात हळद लावायलाही नाही. लहानपणी हंसाबाई रडली की तिची आजी म्हणायची, "चूप, मानी येते."

"काकी," हंसाबाई म्हणाली, "मले जन्म देनाऱ्या याडीच्याबी अंगात हेच असन, असं डॉक्टरीणबाई म्हणे. दुसरी कोणी सुईण असती, तरी रगत थांबलं नसतं."

मानीबाईने हातातली शेंग बाजूला ठेवली.

"मले वाटे, लेकरामागची वार मीच घाईनं ओढली," ती म्हणाली. "रोज वाटे."

तेव्हा हंसाबाई तिच्याजवळ खाली बसली.

मानीबाईने लुगड्याला हात पुसले आणि फाइल मागून घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिने एकेक कागद उलटला, शिक्क्यांवरून बोट फिरवलं.

"ह्याच्यात नावं लिहेल असतीन?"

"हो आजी," अंजू म्हणाली. "माह्यं हाय, मम्मीचं हाय."

"आन् माह्यं? मानीची चूक नोती, असं?"

"नाही. तुमचं कायले असन?"

मानीबाईने फाइल अंजूच्या मांडीवर ठेवली.

"पुन्हा एकडाव पाह्य बरं," ती म्हणाली. "सगळे कागद पाह्य."