स्वागताची चाल

"शेट, ही तर मयताची चाल हाय," हैबती म्हणाला आणि तोंडाला लावलेलं कॉर्नेट त्यानं खाली घेतलं.

मुरारीशेट कापडवाले, म्हणजे महाडच्या हौशी बँडाचे मालक, मास्तर आणि सबकुछ, खो खो हसले. ते हसले म्हणून बाकीचे अकराजणही हसले. वैशाखातल्या दर रविवारी संध्याकाळी ही मंडळी सावित्रीच्या काठच्या मैदानात लोकांना मोफत वाजवून दाखवत. मोफतच दाखवायला हवं होतं म्हणा. त्याला कुणी दिडकी दिली नसती. आज नेहमीच्या कॉर्नेटवाल्याला गालगुंड झालं, म्हणून पलटणीच्या बँडातून पेन्शनीवर आलेल्या हैबतीला पोलादपूरच्या डोंगरातून बोलावून आणलं होतं. कोट मात्र त्या गालगुंडवाल्याचाच. दुकानात खपलं नाही त्या तांबड्या छिटाचा, आणि बाह्या जेमतेम कोपराखाली येणाऱ्या.

"मयताची?" शेट म्हणाले. "अरे, विलायती चाल आहे ती! मी स्वतः तबकडीवरून उतरवलीय. तबकडीवरचा कागद गेला होता, म्हणून काय झालं? ऐकल्याबरोबर मी ओळखलं, ही स्वागताची. आज प्रांतसाहेब यायचेत, त्यांच्यासाठी मुद्दाम बसवली. आणि तू डोंगरातून येऊन मला शिकवतोस?"

"शिकवत नाय, सांगतोय. दर्यापल्याड बसऱ्याला माझा धाकला भाव सखा लढाईत पडला, तवा त्याच्या तिरडीफुडं मीच वाजवली व्हती."

ढोलवाला कुशाबा हसायचा थांबला. शेट नाही थांबले.

"ते तिकडं बसऱ्याला! इथं महाडात कुणाच्या बापाला ठाऊक आहे? हे बघ, वाजवलीस तर पुढचे सगळे रविवार तुझे. नाही तर ठेव तो बाजा खाली आणि लाग वाटेला."

हैबतीनं हातातल्या कॉर्नेटकडं बघितलं. पलटण सोडल्यापासून चौदा वर्षांत ओठाला पितळ लागलं नव्हतं. वर वाडीत नाचणी होती, शेरडं होती, बाजा कुठला असायला! त्याला शेटची किळस आली, त्या छिटाच्या कोटाची आली, आणि एवढं ऐकूनही बाजा खाली ठेवायला हात होईना म्हणून स्वतःचीही आली.

"कुठनं सुरू करायची ते बोला," तो म्हणाला.

उन्हं कलल्यावर मैदान भरलं. पुढं खुर्च्यांवर कोर्टातले वकील, मागं जमिनीवर बाजार उरकून आलेली माणसं, द्रोणातली करवंदं खात बसलेली. गोरा प्रांतसाहेब मधल्या खुर्चीत बसला, दाढ दुखत असल्यासारखं तोंड करून. शेटनी काठी हवेत उडवली.

मयताच्या चालीला शेटनी लेझमीचा ठेका दिला होता! ढोल धडाडला, क्लॅरोनेटं किंचाळली, आणि ती चाल वाघ मागं लागलेल्या शेरडांसारखी वाट फुटेल तिकडं पळत सुटली. अकराजण मान डोलावत होते. आपण काय करतोय याची एकाला कल्पना असेल तर शपथ.

दोन ओळी हैबतीनं सोसलं. तिसऱ्या ओळीला त्यानं सूर धरला तो सोडलाच नाही. शेटनी डोळे वटारले, काठी नाचवली, दातओठ खाल्ले. हैबतीनं तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. ती चाल जशी चालायची तशीच तो चालवत राहिला, एकेक पाऊल टाकत. चाचपडत का होईना, कुशाबाचा ढोल त्याच्या मागं आला. बाकीच्यांना तो संथ ठेका झेपेना, एकेक करून ते गप्प झाले. आख्ख्या उन्हाळ्यात त्यांनी केलेलं तेवढंच एक शहाणपणाचं काम.

प्रांतसाहेब उठला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घालून उभा राहिला.

शेटचा आनंद पोटात मावेना. "उठा, उठा! साहेब उभे राहिले!" ते ओरडले. वकील धोतर सावरत उठले, मागोमाग सगळं मैदान उठलं, तोंडात करवंदं तशीच. साहेब कुणासाठी मान घालून उभा आहे, हे विचारायची गरज एकालाही वाटली नाही. हैबतीला त्यांचं काहीच वाटत नव्हतं आता. तो सखाला पोचवत होता आणि त्याला रडू येत होतं.

शेवटचा सूर संपला. लगेच टाळ्या! शिट्ट्या! नाटकं बघून शहाणा झालेला कुणी तरी मागून ओरडला, "वन्स मोअर!" आणि मग सगळं मैदानच ओरडायला लागलं. साहेबानं टोपी डोक्यावर घातली आणि चहूकडं बघितलं. हे लोक वेडे आहेत की नीच, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

शेट धावत आले. "ऐकलंत का हैबतराव? वन्स मोअर! अहो, आमच्या बँडाला आजवर कुणी दिला नव्हता! सगळे रविवार तुमचे, शब्द दिला. घ्या, घ्या पुन्हा!"

हैबतीनं अंगातला कोट काढला, त्याच्याच बाहीनं कॉर्नेटचं तोंड पुसलं आणि दोन्ही शेटच्या हातात दिलं.

"एका मानसाला येकदाच वाजवतात ही, शेट. सखाला आजची धरून दोनदा झाली," तो म्हणाला. "आता तुमच्या येळेला येईन."