हौसाक्काचं मत

इंटरव्हलचे दिवे लागले, तेव्हा कुठं हौसाक्कानं तोंडावरचा पदर खाली केला. निम्मा सिनेमा तिनं पदराआडून एका डोळ्यानं पाहिला होता. लेकीनं, स्नेहलनं, हट्टानं आणलं नसतं तर या वेळी ती गोठ्यात म्हशींच्या धारा काढत असती.

बाहेर पॉपकॉर्नच्या रांगेत स्नेहलची मित्रमंडळी हमरीतुमरीवर आली होती. अजस्र जनावरांचा एकही सिनेमा सोडत नसत ही पोरं.

"भुकेलंय ते, म्हणून शहर फोडतंय."

"छे! दुसऱ्या ग्रहावरून पृथ्वी जिंकायला आलंय."

"हल्ली या प्राण्यांना डोकंच देत नाहीत. नुसती तोडफोड!"

लेकीमागं रांगेत उभ्या हौसाक्काला राहवेना. "भुकेलं असतं तर माणसं खाल्ली असती की. एकाला तरी तोंड लावलंय का? नुसतं हुंगतंय आन् हाका मारतंय. व्यालेल्या म्हशीची तऱ्हा हाय ही. हिचं पिल्लू कुणीतरी उचललंय."

सगळे खो खो हसले. स्नेहलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. दहाव्या मिनिटाला शास्त्रज्ञानं तळघरातल्या पिंजऱ्यावरचं कापड ओढलं आणि आत चार डोळ्यांचं पिल्लू कुडकुडताना दिसलं. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. पुढच्या रांगेतली मित्रमंडळी एकदम मागं वळली. "काकू, आता पुढं काय?"

हौसाक्काचं तिकडं लक्षच नव्हतं. पदर कमरेला खोचून ती उभी राहिली होती. "मुडद्या, सोड की त्या लेकराला!"

"सोड! सोड!" अख्खं थिएटर तिच्यामागून ओरडू लागलं, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज स्नेहलचा होता.