बिननावाचा लॅपटॉप

छापखान्यात खाली एक नेटवर्क, माडीवर घरात दुसरं. दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही. पेनड्राइव्ह घेऊन जिना चढताना बाबांचे गुडघे कुरकुरायचे. म्हणून धाकटीने भर दुपारी आपल्या नव्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरचा पूल बांधून दोन्ही नेटवर्कं जोडली.

"बाबा, आता फक्त जेवायला वर यायचं."

"आधी चालू तर होऊ दे, मग मिजास कर."

जोडलेल्या कॉम्प्युटरांची यादी उमटली. खालचा 'भोपळा', वरची 'चिमणी'. कॉम्प्युटरांना नावं द्यायचा मान दादाचा. तो गेल्यावर आलेला हा लॅपटॉप म्हणून तर तिने बिननावाचाच ठेवला होता.

यादीत आणखी एक नाव होतं. 'लाटसाहेब'.

तो दादाचा कॉम्प्युटर. तिनेच तो खोलून त्याचे सुटे भाग खोक्यात भरले होते. खोकं आत्ता तिच्या पायाशी होतं.

तिने पूल तोडला. नाव गेलं. जोडला, परत आलं.

"काहीतरी चुकलंय. काढून टाकते."

बाबांनी तिचा हात धरला. "राहू दे गं. दिसतोय तोवर राहू दे."

तिने बोट मागे घेतलं.

यादीत तिच्या लॅपटॉपची जागा रिकामीच होती. तिथे एकेक अक्षर उमटायला लागलं. फक्त दादाच तिला ज्या नावाने हाक मारायचा, ते नाव.

'शेंडेफळ'.