गाडीतल्या चपला

संध्याकाळी सुमंतनं गॅरेजचं दार उघडलं, तर आतली धग अंगावर आली. कॉन्टेसाच्या बॉनेटवर हात ठेवला, चटकाच बसला. धारवाडातल्या धारवाडात फिरून गाडी एवढी तापत नाही. ही दोन तास तरी दामटलेली होती. अप्पांचं विसरणं वाढल्यापासून आई किल्ली तांदळाच्या डब्यात लपवायची. आज पुढच्या सीटखाली तिच्याच चपला होत्या. देवळात जाताना ती चपला गाडीतच काढून ठेवायची.

सुमंत घरात धावला. "अप्पा, कुठल्या देवळात गेला होतात?"

"मी?" झोपाळ्यावरचे अप्पा हसले. "मला कोण देतंय गाडी?"

"आई कुठंय?"

"आत असेल की. चहासाठी कधीचा हाका मारतोय, ओच देत नाही."