सुनेसाठी डुक्कर

सिएनी चक्कर येऊन पडली, तेव्हा सामोआतल्या त्या खेड्यातल्या नर्सने तिच्या पापण्या ओढून पाहिल्या. “रक्तच नाही पोरीत! डुकराचं काळीज खायला घाला.”

सासऱ्यांनी रविवारी खास डुक्कर कापलं. सिएनीचे डोळे भरून आले. तिच्यासाठी आजवर कोणी कोंबडीही कापली नव्हती. प्रार्थनेला पाद्रीबाबा आले. पहिला मान त्यांचा, म्हणून काळीज त्यांच्या पानात गेलं आणि रिवाजाप्रमाणे सून शेजारी बसून माश्या वारू लागली.

“मामंजी, ते माझ्यासाठी...”

“तुझ्यासाठीच तर सगळं, सूनबाई. हात चालव, माशी बसतेय.”

महिन्याने नर्स ओरडली, “रक्त आणखी उतरलंय! काळीज दिलं नाहीत?”

“अख्खं दिलं की!” सासरे विचारात पडले.


“एका पाद्र्याने भागणारं दुखणं दिसत नाही हे. या रविवारी दोघांना जेवायला बोलावतो.”